चित्रांचं पुस्तक, गोष्ट आणि गप्पा : सहा वर्षांपर्यंतच्या मुलांबरोबर सुरुवात कशी करावी

घरात दीड-दोन वर्षांचं मूल आहे म्हणून कुणीतरी हौसेने चित्रांचं पुस्तक आणतं. संध्याकाळी मांडीवर घेऊन वाचायला बसतं. पानावरच्या दोन ओळी वाचून होतात न होतात तोच बाळराजे चार पानं एकदम उलटतात, मग पुस्तक उलटं धरतात, मग उठून स्वयंपाकघराकडे निघतात. "याला नाही बाई पुस्तकांची आवड," असा निकाल लागतो आणि पुस्तक कपाटावर जातं.

निकाल फार घाईने लागलेला असतो. या वयात पुस्तक संपवायचं नसतंच. दोघांनी मिळून एका चित्राकडे बघायचं आणि त्यावर काहीबाही बोलायचं, एवढंच काम. पान उलटणं, बोट ठेवणं, मध्येच भलतीच आठवण सांगणं, तेच पान पुन्हा काढणं हे सगळं त्या वयाचं वाचनच आहे. म्हणून या लेखात पुस्तकांपेक्षा गप्पांबद्दल जास्त सांगणार आहे.

याला पुरावाही आहे. 1988 साली मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. दोन-अडीच वर्षांची मुलं, घरी नेहमी वाचून दाखवणारे आईवडील, आणि कालावधी जेमतेम महिन्याचा. दोन्ही गटांत वाचन जवळपास सारखंच होत होतं. फरक इतकाच की एका गटातल्या आईवडिलांना मोकळे प्रश्न विचारायला, मुलाचं वाक्य उचलून थोडं वाढवायला आणि त्याला जास्त बोलू द्यायला शिकवलं होतं. महिन्याअखेरीस या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांमध्ये दुसऱ्या गटाच्या काही महिने पुढे होती. पुस्तकं तीच, वेळही तोच. बदललं ते कोण बोलतंय हे.

आधी वय बघा

पहिले सहा महिने पुस्तक नसलं तरी काही अडत नाही. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरपर्यंतचं बरं दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जितका लांब असतो तेवढंच. तेव्हा चेहरा जवळ नेऊन बोला. अडगुलं-मडगुलं म्हणा, तळहातावर बोट टेकवत 'इथे इथे बस रे मोरा' करा. थोडं मोठं झालं की एक गंमत करून पाहा. 'भुर्रकन'च्या आधी थांबायचं. बाळ डोळे मोठे करून तुमच्या हाताकडे बघत राहतं, कारण पुढे काय येणार हे त्याला कळलेलं असतं. गोष्ट ऐकण्याची सुरुवात इथेच होते.

सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत पुस्तक तोंडात जाणार हे धरूनच चाला. जाड पुठ्ठ्याचं किंवा कापडी पुस्तक, पानावर एकच ठळक चित्र, बसणं एक-दोन मिनिटांचं. त्याहून जास्त झालं तर बोनस.

वर्षाच्या आसपास बोट दाखवणं सुरू होतं आणि तिथून खरी मजा. मूल चित्रावर बोट ठेवतं आणि वळून तुमच्याकडे बघतं: 'तुलाही दिसतंय ना?' त्याच क्षणी त्या वस्तूचं नाव घ्या. तुम्ही दाखवलेल्या दहा वस्तूंपेक्षा त्याने स्वतः दाखवलेल्या एका वस्तूचं नाव लवकर रुजतं, कारण त्याचं लक्ष आधीच तिथे असतं.

दोन ते तीन हा एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागण्याचा काळ. मोठ्यांना वीट येतो, पण मूल दर वेळी वेगळं काहीतरी बघत असतं: आधी हत्ती, मग हत्तीवर बसलेला पोरगा, मग कोपऱ्यातली मुंगी. काही दिवसांनी तुम्ही एखादा शब्द गाळलात की ते लगेच पकडतं. तेव्हा खुशाल गाळा.

तिसऱ्या वर्षानंतर 'मग?' आणि 'का?' सुरू होतं. सलग गोष्ट झेपते, पात्रांच्या चेहऱ्यावरून राग-रुसवा ओळखता येतो. पाचच्या पुढे मूल तुम्हाला गोष्ट सांगू लागतं. सुरुवातीला ती गोष्ट 'मग... मग... मग...' अशी लांबत जाते. लांबू द्या.

पुस्तक निवडणं

दुकानात पुस्तक हातात आलं की आधी मजकुरावर हात ठेवून नुसती चित्रं पाहा. चित्रांवरून गोष्टीचा अंदाज येतो का? मजकुरात न सांगितलेलं काही चित्रात घडतंय का? 'आजी बाजारातून आली' अशी ओळ आहे आणि आजीच्या फाटक्या पिशवीतून बटाटे घरंगळताहेत, तर त्या पानावर पाच मिनिटं सहज जातात. सफरचंदाच्या चित्राखाली 'सफरचंद' लिहिलेलं असेल, तर नाव सांगितलं की पान संपलं. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला तेही चालतं, पुढे मात्र ते अपुरं पडतं.

मग एक पान हलक्या आवाजात वाचून पाहा. दुकानदार बघेल, बघू दे. तुमची जीभ दोनदा अडखळली, घरात कुणी असं बोलत नाही असं वाटलं, तर पुस्तक परत ठेवा. भाषांतरित पुस्तकांना माझी ना नाही, चांगली भाषांतरं भरपूर आहेत, पण मुलाच्या कानावर पडणारं वाक्य जिवंत हवं.

चित्रांत ओळखीचं जग असावं: नळाखालची बादली, रिक्षा, एसटी स्टँड, दोरीवर वाळणारे कपडे. त्याबरोबर कधीच न पाहिलेलं थोडं काही असलं तर उत्तम. बटण दाबलं की गाणं वाजणारी पुस्तकं मी सहसा घेत नाही. मूल बटणच दाबत बसतं आणि बोलणं राहून जातं. शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य छापलेलं पुस्तक घेतलंच, तर ती चौकट वाचू नका.

मूळ मराठीतली चांगली चित्रपुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाकडे मिळतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली मराठी पुस्तकं स्वस्त असतात. चेन्नईची तूलिका ही संस्था मराठीतही चित्रपुस्तकं काढते. 2004 साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सने पुस्तकांच्या किमती मुद्दाम कमी ठेवल्या, आणि 2015पासून त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतली भरपूर पुस्तकं फुकट वाचता येतात. ती चार पातळ्यांत लावलेली आहेत. लहानांसाठी पहिल्या पातळीपासून सुरुवात करा. परवाना खुला आहे, त्यामुळे पुस्तक उतरवून छापून घेण्यात काही गैर नाही. झेरॉक्सच्या दुकानात जाडसर कागदावर रंगीत प्रिंट काढून डाव्या बाजूला स्टेपल केलं की पुस्तक तयार. हेच पुस्तक मोबाइलवर मुलाच्या हातात देण्यापेक्षा छापलेलं बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, आणि दोन ते चार या वयात दिवसाला तासाभराहून जास्त नको, जितका कमी तितका चांगला. मूल बसलेलं असेल तेव्हा त्याला वाचून दाखवा, गोष्ट सांगा, असंही त्याच मार्गदर्शनात म्हटलं आहे.

बिनशब्दांच्या पुस्तकांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण 'यात तर काहीच लिहिलेलं नाही' म्हणून लोक ती परत ठेवतात. ज्या घरात आजीला वाचता येत नाही, तिथे हे पुस्तक सगळ्यात कामाचं. आजीकडे शब्दांची काय कमी? घरात मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलत असतील, पालघरकडे वारली किंवा मेळघाटात कोरकू बोलत असतील, तर गोष्ट त्याच बोलीत सांगा. पुस्तकी मराठी शाळेत मिळेलच. विचार करायला लागणारी भाषा घरातून मिळते. बंगळुरू, इंदूर किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही हेच लागू आहे. वाचनालयातून इंग्रजी पुस्तक आणलं तरी चित्रांवरच्या गप्पा मराठीत मारता येतात, मजकूर वाचलाच पाहिजे असं कुठे आहे?

बसायचं कसं

एकच मूल असेल तर मांडीवर किंवा कुशीत घ्या, पुस्तक त्याच्या हातात, पान उलटणंही त्याच्याकडे. तुमचा हात फक्त आधाराला. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. मूल उठून गेलं तर हाका मारू नका, तुम्ही पुस्तक बघत बसा, जरा मोठ्याने "अरेच्चा!" म्हणा. बहुतेक वेळा परत येतं. नाहीच आलं तर आजचं झालं.

वेळ ठरलेली असली की सोपं जातं. झोपण्याआधीची दहा मिनिटं उत्तम, पण रात्री उशिरा घरी येणाऱ्या बाबाने सकाळी दूध पिताना पाच मिनिटं घेतली तरी तेवढंच मोलाचं. पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवू नका. मुलाच्या हाताच्या उंचीवर एक टोपली ठेवा, त्यात चार-पाचच पुस्तकं, मुखपृष्ठ दिसेल अशी. दर आठवड्याला एखादं बदला.

बोलायचं कसं

हे उदाहरणानेच सांगते. पानावर आठवडी बाजाराचं चित्र आहे. भाजीवाली पैसे मोजते आहे आणि मागून एक शेळी तिच्या टोपलीतली कोथिंबीर खाते आहे. आजी आणि तीन वर्षांची नात. आजी पान उघडते आणि काही न विचारता नुसती बघत बसते.

"शेळी!"

"हो की गं, शेळी. काय चाललंय तिचं?"

"खातीये."

"खातीये खरी. कोथिंबीर खातीये, मावशीच्या टोपलीतली."

आजी थांबते.

"मावशी बघत नाहीये."

"तिचं लक्षच नाहीये. काय करतीये गं ती?"

"पैसे."

"पैसे मोजतीये. आता तिने मागे वळून पाहिलं तर?"

"हट् म्हणेल!"

"हट् म्हणेल. आणि मग शेळी?"

"पळेल. आजी, आपल्याकडे माकड आलं होतं."

"आलं होतं बाई. काय नेलं त्याने?"

"केळं! आई ओरडली."

मिनिटभराचा हा संवाद. यात आजीने काय केलं ते नीट पाहा. पहिला शब्द नातीचा होता, आजीने तो उचलला. 'खातीये' एवढंच नात म्हणाली, आजीने त्यात कोथिंबीर आणि टोपली घातली. 'पैसे' एवढंच आलं, त्याचं 'पैसे मोजतीये' झालं. एका वेळी एक-दोनच नवे शब्द, आणि तेही नातीच्या वाक्याला चिकटून. "पाहिलं तर?" या प्रश्नाचं उत्तर चित्रात नाही, ते डोक्यात तयार करावं लागतं. आणि माकडाचा विषय निघाल्यावर आजीने "आधी हे पान संपव" म्हटलं नाही. पुस्तकातली गोष्ट स्वतःच्या घराशी जोडणं ही तीन वर्षांच्या मुलीसाठी मोठी झेप आहे.

आता हेच पान बऱ्याच घरांत कसं होतं? "हे काय आहे? रंग कोणता? शेळी कशी ओरडते? पाय किती?" चारही प्रश्नांची उत्तरं विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतात आणि मुलालाही ते कळतं. तोंडी परीक्षा सुरू झाली की मूल गप्प होतं किंवा पळून जातं. अधूनमधून नाव विचारायला हरकत नाही, पण पानागणिक एखादा प्रश्न पुरे. बाकी वेळ आपलं म्हणणं सांगा: "मला तर या शेळीचं हसूच येतंय."

प्रश्न विचारल्यावर थांबा. मनात सावकाश पाच मोजा. नवख्यांना हेच सगळ्यात जड जातं; दोन सेकंदांतच आपण स्वतः उत्तर देऊन मोकळे होतो. लहान मुलाला प्रश्न समजून घ्यायला, शब्द शोधायला आणि तोंड उघडायला वेळ लागतो.

चुका दुरुस्त करायची पद्धतही गप्पांतलीच असावी. मूल म्हणालं, "शेळी कोथिंबीर खाल्ली," तर "हो ना, शेळीने कोथिंबीर खाल्ली, सगळी संपवली" असं म्हणून पुढे चला. "माझा पुस्तक" म्हणालं तर "तुझं पुस्तक का? आण तुझं पुस्तक." बरोबर रूप कानावर पडलं, बोलणं तुटलं नाही. 'असं नाही म्हणायचं' हे वाक्य घरातल्या सगळ्यांनीच बासनात बांधून ठेवावं.

नवीन पुस्तक आणि जुनं पुस्तक यांची रीत वेगळी. तीन वर्षांपुढच्या मुलाला नवी गोष्ट पहिल्यांदा सलग ऐकू द्या, फार तर मुखपृष्ठ बघून "काय असेल यात?" एवढं विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी 'का' आणि 'तर' विचारा. पाठ झाल्यावर वाक्याचा शेवट मुलावर सोडा, आणि मग एक दिवस पुस्तक त्याच्याकडे देऊन म्हणा, "आज तू सांग."

चौथ्या वर्षानंतर कधीमधी शीर्षकाखालून बोट फिरवत वाचा. चित्र बघतात, पण वाचतात ते या काळ्या आकृत्या, आणि त्या डावीकडून उजवीकडे जातात, हे मुलाच्या ध्यानात येतं. एवढं पुरे. गोष्टीच्या मध्येच 'हा क कुठे आहे दाखव' सुरू करू नका.

पुस्तकाशिवाय गोष्ट

नवख्याने चिऊ-काऊपासून सुरुवात करावी. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं, मोठा पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं. काऊ दारावर येतो: "चिऊताई, चिऊताई, दार उघड." आतून उत्तर येतं: थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालू दे. मग टीट लावू दे. मग झोपवू दे. लहान मुलासाठी ही गोष्ट बेतलेलीच आहे. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं, म्हणून दुसऱ्या खेपेपासून मूल सोबत बोलू लागतं. आतली कामं बाळाच्या रोजच्या दिनक्रमाच्या क्रमाने येतात, म्हणून 'आधी-नंतर' आपोआप कळतं. सांगताना जमिनीवर टकटक करा. तिसऱ्या टकटकीनंतर स्वतः गप्प राहा, ते वाक्य मूलच म्हणेल. आंघोळीच्या जागी "आता चिऊ काय करत असेल?" विचारलंत तर 'नखं कापतीये'पासून 'डायपर बदलतीये'पर्यंत काहीही येईल. सगळं गोष्टीत घ्या.

काही घरांत या गोष्टीच्या शेवटी काऊला चुलीवर बसवतात आणि चटका लागतो. तीनच्या आतल्या मुलाला मी तो शेवट सांगत नाही, काऊला आत घेऊन खीर खायला घालते. पाच वर्षांच्या मुलांना मात्र थोडी भीती हवीच असते. कुशीत बसून घाबरायला मिळणं आणि पुन्हा ठीक होणं यात त्यांना मजा येते. तुमचं मूल कोणत्या बाजूला आहे हे त्याचा चेहरा सांगेल.

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट चारच्या पुढे राखून ठेवा. 'लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, लठ्ठमुठ्ठ होते' हे पालुपद तिसऱ्या वर्षीही आवडतं, पण खरी गंमत परतीच्या वाटेवर आहे. भोपळ्यात म्हातारी आहे हे ऐकणाऱ्याला माहीत आहे, वाघाला माहीत नाही. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं ही समज साधारण चारच्या सुमारास येते. म्हणून तीन वर्षांचं मूल ओरडून वाघाला सांगून टाकतं आणि पाच वर्षांचं मूल तोंडावर हात ठेवून खुदखुदतं. त्या वेळी विचारा, "वाघाला काय वाटत असेल, भोपळ्यात काय आहे?" उत्तर ऐकण्यासारखं असतं.

गोष्ट पाठ करू नका. चार खुणा लक्षात ठेवा: कोण, काय अडचण, मध्ये कायकाय, शेवट. एक पालुपद पक्कं करा, दोन पात्रांचे दोन आवाज ठरवा. नकला करता येत नसतील तर एक हळू आणि एक भरभर बोललं तरी चालतं. मराठीत नादाचे शब्द मुबलक आहेत, ते सढळ हाताने वापरा: टुणूक टुणूक, धपकन, खळखळ, चुरचुर, लुटुलुटु. ओढणी, उलथनं, चेंडू अशा हाताशी असलेल्या वस्तू पात्रं होऊ शकतात.

आणि शेवटी 'यातून काय शिकलो?' विचारू नका. गोष्ट जिथे संपली तिथे संपू द्या.

चित्र दाखवत गोष्ट सांगणं आपल्याकडे काही नवं नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेल्या पोथ्यांतून एकेक चित्र समोर धरून, गात-बोलत कथा सांगतात. ही चित्रकथी परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कधी बघायची संधी मिळाली तर एवढं टिपा: चित्र जागचं हलत नाही, आवाज त्याला हलवतो. घरी सांगतानाही हे उपयोगी पडतं.

घरी केलेलं पुस्तक

दोन वर्षांच्या मुलाला सगळ्यात आवडणारं पुस्तक त्याच्या स्वतःबद्दलचं असतं. जुन्या दिनदर्शिकेची जाड पानं किंवा कार्डपेपर घ्या, पाच-सहा तावांना मधोमध घडी घाला, घडीवर दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा. प्रत्येक पानावर एक फोटो: बाळ उठलं, दात घासले, आजोबांबरोबर दूध आणायला गेलं, सांडलं, झोपलं. खाली एक ओळ, घरात बोलता तशीच. कडांना चिकटपट्टी लावा. फोटो नसतील तर बिस्किटाच्या पुड्यांची वेष्टनं, साबणाची खोकी, बसचं तिकीट चिकटवा. ओळखीची वेष्टनं मूल 'वाचून' दाखवतं आणि घरभर मिरवतं.

अंगणवाडीत किंवा बऱ्याच मुलांमध्ये

1945 साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघरकडच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, महागडी साधनं न आणता आसपासच्या वस्तूंतून साधनं करायची, ही त्यांची रीत. चित्रपुस्तकं कमी असलेल्या अंगणवाडीतल्या ताईंना ती आजही चालेल.

पंचवीस मुलांना एक छोटं पुस्तक एकदम दाखवू नका, मागच्यांना काही दिसत नाही आणि गलका होतो. मदतनीस ताई निम्म्यांना खेळायला घेतील, तुम्ही दहा-बारा जणांना अर्धगोलात बसवा. पुस्तक खांद्याजवळ, मुलांकडे तोंड करून धरा. पाठीमागे उघडी खिडकी नको, चित्र काळं दिसतं. प्रत्येक पान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. मजकूर आदल्या दिवशी वाचून ठेवा, म्हणजे नजर पुस्तकात न राहता मुलांवर राहील.

आठवडाभर एकच पुस्तक घ्या. सोमवारी सलग गोष्ट, मंगळवारी प्रश्न आणि गप्पा, बुधवारी गोष्ट नाटक करून, गुरुवारी त्यातलं काहीतरी मातीत किंवा खडूने, शुक्रवारी मुलांनी सांगायची. नेहमी गप्प बसणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करू नका, नंतर त्याच्या शेजारी बसून तेच पान दोघांनी बघा. पालक सभेत एक पान प्रत्यक्ष करून दाखवा. पुस्तकं घरी नेऊ द्या, फाटतील, पण घरी गेलेल्या पुस्तकाचाच उपयोग होतो.

नेहमीच्या अडचणी

पुस्तक फाटलं तर मुलाला शेजारी बसवून चिकटपट्टी लावा. पट्टी कापणं तुमचं, दाबून बसवणं त्याचं. ओरडा मिळाला की काही मुलं पुस्तकाला हातच लावेनाशी होतात.

मूल एका जागी बसतच नसेल तर उभ्याने, चालत, आंघोळीच्या वेळी गोष्ट सांगा. काही मुलं गाड्या फिरवत फिरवत सगळं ऐकत असतात. मध्येच एखादं वाक्य चुकीचं सांगून बघा, लगेच दुरुस्त करतील. दोन भावंडं असतील तर मोठ्याला धाकट्यासाठी 'वाचायला' सांगा. धाकट्याने मध्येच पान उलटलं तर मात्र तुम्ही सोडवायला हजर राहा.

'शाळेत अक्षरं विचारतात, नुसत्या गोष्टी काय कामाच्या?' असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. ज्या मुलाला शेळी, कोथिंबीर, मोजणं, वळून बघणं हे शब्द बोलण्यातून ठाऊक आहेत, त्याला पुढे ते शब्द कागदावर भेटले की अर्थ लगेच लागतो. ज्याला नाहीत, ते अक्षरं जोडतं आणि शब्दापाशी अडतं.

एक गोष्ट मात्र गप्पांवर सोडायची नाही. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल बोट दाखवत नाही, नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी 'पाणी दे'सारखे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलायचं थांबलं, तर 'याचे बाबाही उशिराच बोलले' म्हणून वाट बघत बसू नका. आधी ऐकण्याची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांना हे सांगा. पुढच्या तपासणीसाठी ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथकाची तारीख लांब असेल तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. तपासण्या चालू असताना पुस्तक, गाणी आणि गोष्टी चालूच ठेवा, बोलत नसलेल्या मुलासाठी तर जरा जास्तच.